वाचकांचे प्रश्न : पोरं, आजी-आजोबा आणि ओशिनेनझेचं थंड पाणी

मागच्या महिन्यात याच पानावर मी स्वित्झर्लंडमधल्या कांडरश्टेग गावाच्या वर असलेल्या ओशिनेनझे तळ्याबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की घरातल्या लहान-थोर सगळ्यांना घेऊन एका दिवसात आरामात जाऊन येता येतं आणि उन्हाळ्यात त्यात पोहताही येतं. तेवढ्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. बर्नजवळ राहून मला अठरा वर्षं झाली, माझी दोन्ही पोरं त्या तळ्याकाठी दगड फेकत मोठी झाली, त्यामुळे जे सांगतेय ते जाऊन-येऊन केलेलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघं पुण्याहून जुलैमध्ये लेकीकडे झुरिकला येतोय. नातवंडं पाच आणि नऊ वर्षांची. माझे गुडघे दुखतात, मिस्टर अजून सिंहगड चढतात. लेक म्हणते सोपं आहे, पण तिचं सोपं आणि माझं सोपं वेगळं असतं. नक्की किती चालावं लागतं?

ताई, लेकीचं सोपं आणि आईचं सोपं वेगळं असतं हे शंभर टक्के खरं, म्हणून नीट सांगते. झुरिकहून बर्नमार्गे कांडरश्टेगला ट्रेनने साधारण अडीच तास लागतात. स्टेशनवरून गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या रोपवेच्या, खालच्या स्टेशनपर्यंत गावातून पंधरा-वीस मिनिटं चालायचं, सपाट रस्ता आहे. मग गोंडोलात बसायचं आणि दहाएक मिनिटांत वर. वरचं स्टेशन १,६८२ मीटरवर आहे आणि तळं १,५७८ मीटरवर, म्हणजे वर पोचल्यावर तळ्याकडे जाताना उतार लागतो. रुंद चांगली वाट आहे, पंचवीस-तीस मिनिटं, पोरं असतील तर चाळीस धरा कारण ती दर दोन मिनिटांनी गाई बघायला थांबणार.

आता इथंच सगळे फसतात. जाताना उतार म्हणजे येताना चढ! आणि तो चढ दिवसाच्या शेवटी, पोहून दमल्यावर, ओल्या टॉवेलांच्या पिशव्या हातात घेऊन चढायचा असतो. शंभर मीटरचा चढ म्हणजे पर्वती चढतो त्याच्या आसपास समजा, पायऱ्या नसतात पण सलग चढायचं. तुमच्या गुडघ्यांना उतार जास्त त्रास देतो की चढ, हे तुमचं तुम्हाला माहीत असेल, त्यावर ठरवा. चालताच येत नसेल अशांसाठी वरच्या स्टेशनपासून तळ्यापर्यंत इलेक्ट्रिक गाडी असते, तिच्या वेळा तिकीट काढतानाच विचारून घ्या. दोन काठ्या मात्र नक्की आणा, इथं ऐंशीच्या आज्या काठ्या घेऊन चालतात, कुणी बघत नाही.

मिस्टरांची हौस असेल तर त्यांच्यासाठी वरून हॉयबर्गची वाट आहे, तळ्याच्या वरून जाते आणि ओबरबेर्गलीवरून खाली काठाला येते, एकंदर तीनेक तास. जावयांना त्यांच्यासोबत पाठवा, तुम्ही आणि लेक पोरांना घेऊन सरळ तळ्यावर जा आणि कुठल्या जागी किती वाजता भेटायचं हे गोंडोलातच पक्कं करा. सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं असा हट्ट धरला की शेवटी कुणाचाच दिवस धड होत नाही, हे मी आमच्या घरात चारदा पाहिलंय. ज्याचा पाय सगळ्यात हळू पडतो त्याच्या हिशोबाने दिवस मांडा आणि बाकीच्यांना मधे मोकळं सोडा.

तिकिटाचं एक : सहा वर्षांखालच्या मुलांना ट्रेनला तिकीट लागत नाही. नऊ वर्षांच्या नातवाचं आईबाबांसोबत फिरायचं ज्युनियर कार्ड असेल तर ते तुमच्यासोबत एकटा फिरताना चालत नाही, आजी-आजोबांसोबत फिरायचं कार्ड वेगळं मिळतं, दोन्ही वर्षाला तीस फ्रँक. लेकीला सांगा आधीच काढून ठेव. गोंडोलाचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

प्रश्न : वय ६८, मूळ गाव सांगलीजवळ. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, कृष्णेला पूर असतानाही पोहलो आहे. सून म्हणते त्या तळ्यात उतरू नका. पट्टीच्या पोहणाऱ्याला तळ्याची कसली भीती?

काका, तुमच्या पोहण्याबद्दल मला काडीची शंका नाही. माझे वडीलही विहिरीतच शिकले, आजोबांनी वरून ढकलून दिलं होतं. पण सूनबाईंचं पूर्ण ऐका आणि मग ठरवा, कारण इथं प्रश्न पोहता येतं का हा नाहीच, प्रश्न थंडीचा आहे.

वैशाखातली कृष्णा या पाण्यापुढे अक्षरशः कोमट. ओशिनेनझेला वरच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी येतं, वर्षातले साधारण पाच महिने हे तळं गोठलेलं असतं, साधारण डिसेंबर ते मे. भर उन्हाळ्यात काठाजवळचं पाणी तापून तापून जास्तीत जास्त वीस अंशांच्या जवळ जातं, एरवी त्याच्या बरंच खाली. अशा पाण्यात माणूस एकदम शिरला ना, की पहिल्या काही सेकंदांत आपोआप मोठ्ठा श्वास आत ओढला जातो आणि धाप लागते, ती आवरता येत नाही. मनाने कितीही घट्ट असा, ती शरीराची प्रतिक्रिया आहे. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ आत जातं. सोबत बीपी आणि हृदयाचे ठोके एकदम उसळतात, अडुसष्टाव्या वर्षी हा भाग जास्त महत्त्वाचा. धाप दोन-तीन मिनिटांत ओसरते, पण पुढे दहा-पंधरा मिनिटांत हात-पाय जड व्हायला लागतात, बोटं मिटत नाहीत, आणि मग उत्तम पोहणाऱ्याचाही हात पाण्यातून वर येत नाही. म्हणजे थंड पाण्यात लोक बुडतात ते पोहता येत नाही म्हणूनच असं नाही, कित्येक जण पोहता येत असून जातात.

म्हणून कृपा करून सूर मारू नका. चालत शिरा. आधी घोटे, मग गुडघे, तिथं थांबा. मनगटं भिजवा, मानेला पाणी लावा, छातीवर ओंजळीने मारा. श्वास शांत झाला की मग कमरेपर्यंत, पुन्हा थांबा. पोहायचं ते काठाला धरून, पाय टेकतील एवढ्या पाण्यात, मधे जायचं नाही. तळं ५६ मीटर खोल आहे. आणि एकटे नाही, मुलगा काठावर नुसता बसलेला नको, पाण्यात तुमच्या बाजूला हवा. हृदयाचं किंवा बीपीचं औषध चालू असेल तर निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते नको म्हणाले तर नको. पाच मिनिटं पोहून बाहेर आलात आणि उन्हात कोरड्या टॉवेलमध्ये बसलात तरी त्या पाण्याचा आनंद पुरेपूर मिळतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : मुलं ४ आणि ७, बाझेलला राहतो. मुलांना पाण्यात किती वेळ ठेवायचं आणि बाहेर कधी काढायचं हे कसं कळणार? ती तर बाहेर यायलाच तयार नसतात. आणि हवेच्या फ्लोटी चालतील का?

हा प्रश्न आला नसता तरी मी लिहिणार होते.

मोठा सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. जुलैतलं कडक ऊन, आम्ही निवांत, तो गुडघाभर पाण्यात खडे वेचत होता आणि मधेच बसत होता, म्हणजे पोटापर्यंत भिजलेला. मी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळेला "आई अजून पाच मिनिटं" आणि मीही म्हटलं जाऊ दे, ऊन आहे. शेवटी आला तेव्हा ओठ जांभळे, जांभूळ खाल्ल्यासारखे, आणि दात वाजत होते. जॅकेटची चेन लावायला गेला तर त्याला ती चिमटीत पकडताच येईना. बोटं सरळ ताठ, अंगठा जवळच येत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला "आई माझे हात ऐकत नाहीयेत." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. ओला स्विमसूट आधी काढला, कोरडं केलं, नवऱ्याच्या फ्लीसमध्ये गुंडाळून मांडीवर घेतला, थर्मासमधला गोड चहा झाकणातून घोट घोट पाजला. अंगात ऊब यायला चांगला अर्धा तास लागला, भर उन्हात.

तेव्हापासून आमच्याकडे घड्याळाचा नियम आहे, मूड बघून ठरवायचं नाही. चार वर्षांच्याला पहिल्यांदा पाच मिनिटं, सात वर्षांच्याला दहा. मग बाहेर, कोरडे कपडे, खाऊ, ऊन, आणि अंगात ऊब आली की पुन्हा पाच-दहा मिनिटं. पोरं लहान असतात, अंगावर चरबी कमी, मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडतात, आणि खेळात असली की त्यांना स्वतःला ते कळत नाही. ओठांचा रंग बदलला, दात वाजायला लागले, मूल एकदम गप्प झालं, की मिनिटं पूर्ण झाली नसली तरी बाहेर. आणि कुडकुडणं थांबून मूल सुस्तावलं, झोप झोप करायला लागलं, नीट बोलेना तर ते बरं होत चाललंय असं समजू नका, ती इमर्जन्सी आहे, सरळ अँब्युलन्सच्या १४४ नंबरला फोन करायचा. डोंगरात हेलिकॉप्टर लागलं तर रेगाचा नंबर १४१४. दोन्ही नंबर आत्ताच मोबाईलमध्ये टाका.

फ्लोटी, हवेची गादी, रबरी बदक वगैरे खोल पाण्यात न्यायचंच नाही. इथल्या जीवरक्षक संस्थेचे पोहण्याचे सहा नियम आहेत, एसएलआरजीचे, शाळेत पोरांना शिकवतात, त्यातला हा एक नियम आहे. दुपारी वारा सुटतो आणि हलकी गादी बघता बघता मधे जाते, मूल वर बसलेलं असतं. त्याच यादीतला पहिला नियम म्हणजे लहान मूल हाताच्या अंतरावर हवं. नजरेच्या अंतरावर नाही, हाताच्या. म्हणजे एक मोठा माणूस स्वतः पाण्यात, मोबाईल पिशवीत. दोन मुलं असतील तर दोन मोठी माणसं, नाहीतर मुलांनी आळीपाळीने उतरायचं. "तू बघतोयस ना?" "मला वाटलं तू बघतेयस" हे आपल्याकडे प्रत्येक घरात होतं, म्हणून आम्ही चक्क बोलून दाखवतो, आता माझी ड्युटी, आता तुझी.

प्रश्न : लेकीचे पाय खडकाळ काठावर टोचतात, रडते. काय घालावं? आणि आम्हा बायकांना कपडे बदलायला जागा असते का, स्विमसूट घालायचा नसेल तर चालतं का?

रबरी तळाचे पाण्यातले शूज घ्या, सुपरमार्केटमध्येही उन्हाळ्यात मिळतात, सगळ्यांना घ्या, मोठ्यांनाही. काठ दगडगोट्यांचा आहे आणि पाण्याखालचे दगड शेवाळलेले निसरडे असतात.

कपड्यांचं कुणी काही म्हणत नाही. फुल बाह्यांचा स्विमिंग टीशर्ट आणि लेगिंग घालून मी स्वतः उतरते, फक्त कॉटन नको, कॉटन ओलं झालं की अंगाला चिकटून गार पाडतं आणि वाळत नाही. बदलायला मोठा टॉवेलचा पोंचो असतो, डोक्यातून घालायचा आणि आत बदलायचं, इथं सगळे तसंच करतात.

प्रश्न : फोटोत पाणी इतकं निळं-हिरवं दिसतं, फिल्टर आहे का? आणि नकाशात बघितलं तर तळ्यातून बाहेर जाणारी नदीच दिसत नाही, मग पाणी जातं कुठे? (इयत्ता नववी)

शाब्बास, नकाशा बघून प्रश्न विचारलास म्हणून तुला सविस्तर सांगते.

फिल्टर नाही. हिमनदी म्हणजे बर्फाचा प्रचंड जाड पट्टा अगदी हळू हळू खाली सरकत असतो, आणि तो सरकताना खालचा खडक घासतो. जात्यात कसं दळलं जातं, तसं. त्याचं इतकं बारीक पीठ होतं की ते पाण्यात लगेच खाली बसतच नाही, तरंगत राहतं. ऊन त्यावर पडलं की त्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि पाणी निळसर हिरवं दिसतं. ओशिनेनझेच्या वर ब्ल्यूम्लिसआल्पचा डोंगर आहे, ३,६०० मीटरच्या वर, आणि बाजूला डोल्डेनहॉर्न. त्यांच्या अंगावरची ही हिमनद्यांची गिरणी. सकाळी ढग असताना तेच पाणी राखाडी दिसतं आणि ऊन आलं की पाच मिनिटांत रंग फिरतो, हे बघायला मिळालं तर बघच.

आता नदी. हजारो वर्षांपूर्वी डोंगराचा कडा कोसळला आणि दरीत दगडमातीचा बांध पडला, त्याच्या मागे पाणी साचून हे तळं झालं. आपण कोयनेला सिमेंटचं धरण बांधलं, इथं डोंगरानेच बांधलं. पण तो बांध दगडांचा ढीग आहे, त्यात फटी आहेत, म्हणून पाणी जमिनीखालून झिरपत जातं आणि खाली झऱ्यांमधून पुन्हा वर येतं. त्यामुळे तळ्याची पातळी वर्षभर खालीवर होते, वसंतात पाणी खूप खाली गेलेलं असतं आणि उन्हाळ्यात बर्फ वितळला की भरतं.

आणि यात मोठ्यांसाठी एक गोष्ट आहे. त्या झिरपलेल्या पाण्यातलं काही कांडरश्टेगच्या लोकांना प्यायला जातं. म्हणून तळ्यात साबण, शाम्पू, डबे विसळणं हे अजिबात नाही, आणि सनस्क्रीन निघायच्या आधी घरीच लावा म्हणजे ते त्वचेत मुरतं, काठावर फासून लगेच पाण्यात जायचं नाही. सनस्क्रीन लागतंच बरं का, उंचीवर ऊन जास्त चावतं, हवा गार असते म्हणून कळत नाही आणि रात्री पोरांचे खांदे लाल होतात. अर्ध्याहून जास्त काम फुल बाह्यांच्या टीशर्टने होतं.

प्रश्न : १,५७८ मीटर म्हणजे उंचीचा त्रास होईल का? लडाखला आम्हाला खूप झाला होता.

नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तळं कळसूबाईच्या माथ्याहूनही थोडं खाली आहे. त्रास थंडीचा आणि उन्हाचा, उंचीचा नाही.

प्रश्न : २०२५ च्या मे महिन्यात तिकडचं ब्लाटेन गाव डोंगर कोसळून गाडलं गेलं ते टीव्हीवर पाहिलं. कांडरश्टेग त्याच्या जवळच आहे असं भाऊ म्हणाला. मग मुलांना घेऊन तिथं जाणं शहाणपणाचं आहे का?

भाऊ बरोबर म्हणाला, ब्लाटेन डोंगराच्या पलीकडच्या दरीत आहे, ल्योत्शनटालमध्ये. कांडरश्टेगहून बोगद्यातून ट्रेन पलीकडे जाते, १९१३ साली सुरू झालेला चौदा किलोमीटरहून लांब बोगदा आहे. २८ मे २०२५ ला तिथं हिमनदी कोसळली, गावातल्या तीनशे लोकांना नऊ दिवस आधीच बाहेर काढलं होतं म्हणून एवढी माणसं वाचली, तरीही एक जण गेला. आम्ही सगळे त्या दिवशी सुन्न होऊन बातम्या बघत होतो.

आणि तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही, ओशिनेनझेच्या वरही श्पिट्झर श्टाइन नावाचा सुळका आहे, त्याचा मोठा भाग सरकतोय, वर कायम गोठलेली जमीन वितळायला लागल्याने खडक सैल होतो हे त्याचं एक मोठं कारण. २०१८ पासून त्यावर यंत्रांनी सतत लक्ष ठेवलं जातं आणि त्याच्या खालच्या काही वाटा बंद केल्यात. गोंडोला आणि तळ्याकडे जाणारी नेहमीची वाट चालू असते तेव्हा लोक जातात, मीही जाते. पण एक अट पाळते. खालच्या स्टेशनवर त्या दिवशीच्या बंद वाटांचा बोर्ड असतो, तो वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि जिथं लाल-पांढरी पट्टी किंवा बंदची पाटी आहे तिच्या पलीकडे एक पाऊलही नाही. मागच्या वर्षी एक कुटुंब फोटोसाठी पट्टीखालून वाकून आत जाताना पाहिलं, कडेवर मूल होतं. मी मराठीत ओरडले कारण ती आपलीच माणसं होती, ती लगेच बाहेर आली आणि आभारही मानले. आपल्याकडे घाटात "दरड कोसळण्याची शक्यता" ही पाटी बघून बघून आपली नजर मरते, इथं ती पाटी त्या आठवड्याचं मोजमाप घेऊन लावलेली असते. परत खाली गावापर्यंत चालत उतरायचं असेल तेव्हाही हेच, कुठली वाट चालू आहे ते विचारूनच.

प्रश्न : जेवायला काय न्यावं? शाकाहारी आहोत, हॉटेल परवडणार नाही.

घरचंच न्या हो, त्यासारखं सुख नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, सोबत लसणाची चटणी, काकडी, उकडलेले बटाटे. आमच्याकडे गूळपोळी ठरलेली, थंड पाण्यातून बाहेर आल्यावर पोरांना गोड आणि तूप दोन्ही लागतं. फक्त आधी पोहणं, मग जेवण. पोट तुडुंब भरून पाण्यात जायचं नाही आणि चालून घामाघूम झालेल्या अंगाने तर नाहीच, अर्धा तास सावलीत बसा, मग उतरा.

मोठा थर्मास चहाचा, सुंठ घालून. थंडी असो नसो, घ्याच. पाण्याच्या बाटल्या गावात भरून घ्या, ज्या नळाला "काइन ट्रिंकवासर" लिहिलंय ते पिऊ नका.

इथं बऱ्याच ठिकाणी शेकोटीच्या ठरलेल्या जागा असतात, दगडांचं रिंगण आणि वर जाळी. बाकीचे तिथं सॉसेज भाजतात, तुम्ही मक्याची कणसं न्या, सोललेली, मीठ-तिखट-लिंबू पुडीत. शेजारी कुणीतरी भाजत असतंच, "आम्ही बाजूला ठेवू का?" विचारलं की हसून जागा देतात. त्या भागात भेटणाऱ्याला "ग्रुएसेख" म्हणतात, पोरांना आधी शिकवून ठेवा, वाटेवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची पद्धत आहे आणि पोरांना त्यात भारी मजा येते. रिंगण सोडून दुसरीकडे आग नाही, आणि कोरड्या उन्हाळ्यात आगीवर सरसकट बंदी असते तेव्हा रिंगणातही नाही. कचरा सगळा परत खाली.

प्रश्न : आमचं बाळ अडीच वर्षांचं. तुम्ही सांगताय ते वाचून ओशिनेनझेचं पाणी त्याला झेपणार नाही असं वाटतं. याहून कोमट पाण्याचं काही?

बरोबर वाटतंय तुम्हाला. त्याचे पाय बुडवा, खडे फेकू द्या, तेवढं पुरे. बाळाला खरंच पाण्यात खेळवायचं असेल तर पूर्वेकडे फ्लिम्सला काउमाझे आहे. खूर स्टेशनवरून पिवळी पोस्टबस फ्लिम्सला जाते, तिथून जंगलातून वीस-तीस मिनिटं चालायचं. तळं साधारण १,००० मीटरवर म्हणजे बरंच खाली, पाणी जमिनीखालच्या झऱ्यांचं, हिमनदीचं नाही, म्हणून उन्हाळ्यात वीस अंशांच्या वर जातं. प्रवेश फी आहे पण त्यात नीट केलेला काठ, टॉयलेट, कपडे बदलायची जागा मिळते. शेवटचा टप्पा उतरायला छोटी तिरकी लिफ्टही आहे, बाबागाडी असेल तर सोय होते. गंमत म्हणजे तेही डोंगर कोसळूनच झालेलं तळं, फ्लिम्सची ती दरड सगळ्या आल्प्समधली सगळ्यात मोठी, साडेनऊ-दहा हजार वर्षांपूर्वीची.

शनिवार-रविवारी मात्र दोन्हीकडे फार गर्दी होते. जमलं तर मंगळवार-बुधवार बघा.

प्रश्न : हवामानाचं काय? आणि वाटेत गाई मोकळ्या असतात म्हणे.

उन्हाळ्यात इथं सकाळ निरभ्र आणि दुपारी तीन-चारनंतर विजांचा पाऊस हे नेहमीचं. म्हणून पहिल्या-दुसऱ्या गाडीने निघा, अकराच्या आत पाण्यात, दोनला आवरायला घ्या. इथल्या हवामान खात्याचं, मेटिओस्विसचं ॲप मोबाईलवर ठेवा. लांब कुठं गडगडलं तरी पाण्यातून लगेच बाहेर यायचं, ढग अजून पलीकडे आहेत वगैरे काही नाही. वीज फार झाली की गोंडोला थांबवतात, म्हणून शेवटच्या गोंडोलाच्या भरवशावर राहू नका, पण तिची वेळ दाखवणाऱ्या पाटीचा फोटो सकाळीच काढून ठेवा.

गाई वाटेवर असतात, गळ्यात मोठ्या घंटा. सोबत वासरू असेल तर लांबून वळसा घाला, वासराला हात लावू देऊ नका, आपली गावची गाय समजून पोरं सरळ जवळ जातात. वाटेवरच्या दिशा दाखवणाऱ्या पाटीवर वेळ लिहिलेली असते ती नुसत्या चालण्याची, थांबण्याची नाही. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा आला की डोंगरातली वाट, तिथं बूट चांगले हवेत. पांढरा-निळा दिसला की मागे फिरा.

प्रश्न : वय ७४. मला पाण्यात उतरायचं नाही, पोहताही येत नाही. मुलं म्हणतात आई तू पण चल. मी तिथं जाऊन दिवसभर करू काय? त्यांना माझ्यामुळे अडकून पडायला नको.

आजी, तुम्ही अडचण नाही. तुम्ही गेलात तर तो दिवस पूर्ण होईल.

माझ्या सासूबाई ७६ व्या वर्षी पहिल्यांदा आल्या, नेसत्या नऊवारीत, पायात स्पोर्ट्स शूज. त्याही हेच म्हणत होत्या. काठाला एक सपाट दगड बघून बसल्या, शूज-मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले, "अगं बाई" एवढंच म्हणाल्या आणि पाय लगेच वर घेतले, मग पुन्हा सोडले. दहा मिनिटांनी धाकटी नात पाण्यातून कुडकुडत आली ती सरळ त्यांच्याकडेच, कारण कोरडी, ऊबदार मांडी तिथं एकच होती. बाकी आम्ही सगळे ओले. त्यांनी तिला पदरात गुंडाळलं, डोकं पुसलं, पुरी भरवली. त्यानंतर प्रत्येक पोर बाहेर आलं की तिकडेच धावत होतं. समोर नावा फिरत होत्या, वरून धबधबे पडत होते, अधूनमधून दूर कुठेतरी बर्फ कोसळल्याचा गडगडाट यायचा आणि त्या विचारायच्या, पाऊस आला का गं?

तुम्ही येताना बसायला पातळ आसन घ्या, दगड उन्हातही गार असतो. डोक्याला स्कार्फ, अंगावर स्वेटर, आणि पाय बुडवाल म्हणून कोरड्या मोज्यांचे दोन जोड, एक तुमच्यासाठी आणि एक ज्या नातवंडाचे पाय सगळ्यात आधी गारठतील त्याच्यासाठी.